एक इंच म्हणजे चार लुगडी

पाऊस आला की माणसं छत्री घेऊन घराबाहेर पडतात. आमचे शेजारी एकनाथ गुरुजी पाऊस आला की घरात शिरत आणि मग छत्री उघडत. तीही स्वतःच्या डोक्यावर नाही. घरभर धारा लागलेल्या असत. घमेली, पातेली, परात, लोटा, जे हाताला लागेल ते धारांखाली मांडलेलं असे. मधोमध लाकडी तक्त्यावर एक भलामोठा कागद पसरलेला असे, आणि त्या कागदावर छत्री धरून गुरुजी स्वतः निवांत भिजत बसलेले असत.

"गुरुजी, तुम्ही भिजायलाव की," मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणालो.

"म्या वाळंन," गुरुजी म्हणाले. "शहर भिजलं तर वाळत न्हाय."

शहर म्हणजे तेर. आज आमचं तेर तेरणेच्या काठचं एक मोठं खेडं आहे. धाराशिवच्या एसट्या येतात, चार हॉटेलं आहेत, एक सहकारी सोसायटी आहे आणि त्या काळी त्या सोसायटीचा सेक्रेटरी मी होतो. पण दोन हजार वर्षांपूर्वी इथं मोठं बाजारशहर होतं आणि इथला माल पार समुद्रापलीकडं जायचा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक असून त्याचं कुणी काही करत नसे. पणजोबा श्रीमंत होते हे सांगायला बरं वाटतं, पण त्यानं आज भाकरीवर कोरड्यास येत नाही.

गुरुजी शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक शेती बघतात, भजनात बसतात, नाहीतर सुनेच्या चुका काढतात. गुरुजींनी या जुन्या शहराचा नकाशा काढायला घेतला. आजच्या गावाचा नाही, त्या शहराचा. कुठं वेस होती, कुठं रंगाऱ्यांची गल्ली होती, कुठं मणी घडवणारे बसत, धान्याची कोठारं कुठं होती, सगळं. आणि ते शहर बुडालं, गेलं, असं ते कधी म्हणत नसत. गावातून चालताना जोरात पाय आपटणारा कुणी दिसला की गुरुजी दटावत, "हळू पाय टाका, खाली माणसं राहत्यात!" एकदा माळ्याच्या पोराच्या लग्नाची वरात त्यांनी मारुतीच्या पारापाशी अडवली होती. "वाजवा की. वाजवायला माझी ना न्हाय. पण नाचू नका. खाली माणसं राहत्यात." नवरदेव घोड्यावर, घोडा एका जाग्यावर, आणि बँडवाले बापडे खालच्या माणसांना ऐकू जाईल न जाईल अशा बेतानं वाजवत राहिले.

नकाशाला लागणारा एवढा मोठा कागद गावात मिळत नव्हता. गुरुजींनी तोड काढली. सोसायटीची नाहीतर साखर कारखान्याची निवडणूक झाली की ते भिंतींवरच्या पोस्टरांना पाणी मारत, अलगद सोडवत, वाळवत, आणि कणकेच्या खळीनं एकमेकांना जोडत. मागची कोरी बाजू शहराला. त्यामुळे आमच्याकडं दर निवडणुकीनंतर शहर वाढायचं. नकाशा उन्हात धरला की रंगाऱ्यांच्या गल्लीतून आमचे चेअरमन भाऊसाहेब हात जोडून हसताना दिसत.

मोजायला टेप पाहिजे होता. शाळेचा टेप मुख्याध्यापकांनी दिला नाही. गुरुजी तडक घरी आले आणि बायकोचं, म्हणजे सगुणाकाकूंचं, लुगडं दांडीवरून ओढून घेऊन टेकाडावर निघाले. पाठोपाठ काकू. "अवं, ते धुतलेलं हाय!" असं ओरडत गेलेल्या काकू परत आल्या तेव्हा पदराचं टोक त्यांच्या हातात होतं आणि दुसरं गुरुजींच्या. मग ती रीतच पडली. गुरुजी पुढं, काकू मागं, मधे नऊ वार लुगडं. बाभळीच्या काट्यात ते अडकलं की काकू गुरुजींच्या खानदानाचा उद्धार करत, पण टोक सोडत नसत. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात गुरुजींनी सुंदर वळणदार अक्षरात प्रमाण लिहिलं होतं: एक इंच म्हणजे चार लुगडी.

जिल्ह्याहून आलेल्या एका साहेबांनी ते वाचलं आणि हसू दाबत विचारलं, हे कुठलं माप?

"नऊवारी लुगडं नऊ वारच असतंय साहेब," गुरुजी म्हणाले. "ते बदलत न्हाय. तुमची मापं बदलत्यात. आधी निजामाचा बिघा होता, मग एकर आला, आता हेक्टर म्हणायलाव. उद्या काय म्हणताल ठावं न्हाय."

साहेबांनी चहा घेतला आणि ते गेले.

आता घर गळायचं का, ते सांगतो. आमच्याकडची घरं माळवदाची. तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि वर हातभर पांढरी माती, धुमसानं ठोकून बसवलेली. काळी माती पाणी पिते आणि फुगते. पांढरी पाणी आत येऊ देत नाही. आणि अशी पांढरी मिळते ती जिथं शेकडो वर्षं माणसं राहून गेली तिथं. म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी सगळं गाव टोपल्या घेऊन टेकाडावर जायचं आणि जुन्या शहराची माती नव्या घरांच्या डोक्यावर आणून घालायचं. गुरुजींचंही घर तसंच होतं, आणि तेव्हा ते गळत नव्हतं.

एका उन्हाळ्यात माळवदावर माती पसरताना काकूंच्या हाताला शंखाचं एक कडं लागलं. इतकं बारकं, की तान्ह्या लेकराच्याच मनगटात जाईल. काकूंनी ते पदरानं पुसलं, बोटात धरून बघितलं आणि गुरुजींना विचारलं, "कुणाचं असंल हो?"

एवढंच विचारलं. गुरुजी हातातलं धुमूस टाकून खाली बसले. मग उठले आणि त्यांनी माळवदावरची सगळी माती पुन्हा टोपल्यांत भरली, डोक्यावरून टेकाडावर नेली आणि जिथनं काढली होती तिथं परत ओतली. वरातीला जमत नाहीत इतकी माणसं बघायला जमली होती. तिथं उभं राहून गुरुजींनी जाहीर केलं, "ज्या मातीत खापर निघंल, ती माझ्या घरावर चढणार न्हाय. दुसऱ्याचं घर मोडून म्या माझं घर शाकारणार न्हाय."

तेरात ही शपथ घेणं म्हणजे नदीत उभं राहून पाण्याला शिवणार नाही म्हणण्यासारखं. इथं कुठंही कुदळ मारा, खापर निघतं. गुरुजींनी शेजारच्या गावच्या ओढ्यातून बैलगाडीभर माती आणली. दारात चाळली. खापराचे दोन तुकडे निघाले. गुरुजींनी गाडी परत पाठवली आणि नकाशाला आणखी एक पोस्टर जोडलं.

त्या उघड्याबोडक्या माळवदाखाली राहणं काकूंना जमेना. त्यांना दमा होता. ओल धरली की छाती भरून यायची, रात्ररात्र बसून काढावी लागायची. मुलगा बार्शीला गिरणीत होता, त्याला पक्कं घर मिळालं होतं. मृग लागला की काकू ट्रंक भरायच्या आणि बार्शीच्या एसटीत बसायच्या, त्या दिवाळीला परत यायच्या. दर वर्षी एसटीच्या पायरीवर त्यांचं एकच वाक्य असे, "माळवदावर माती टाका, मग म्या कशाला जाते?" आणि गुरुजींचंही एकच उत्तर असे, "प्रश्न कुणी विचारला होता?"

"म्या सहज विचारलं होतं!" काकू खिडकीतून ओरडायच्या. एसटी निघायची.

जाताना त्या एक जुनं लुगडं मागं ठेवून जात. मोजणीसाठी. पावसाळ्यात गुरुजी टेकाडावर दिसायचे, तेव्हा काकूंच्या हातातलं टोक बाभळीला बांधलेलं असे. मला त्या माणसाचा भयंकर राग यायचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं घर मोडू नये म्हणून हा आपल्या बायकोला घराबाहेर काढतो, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो आहे. त्यावर त्यांनी मला चहा दिला.

बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव आभाळाकडं डोळे लावून बसलं होतं. खडी फोडायला माणसं जात होती, जनावरं छावणीत होती, विहिरींचा तळ दिसत होता. त्या वर्षी काकू बार्शीला गेल्या नाहीत. जायचं कारणच नव्हतं. भाकरी रेशनच्या लाल मिलोची होती, पाणी टँकरचं होतं, पण गुरुजींच्या घरातून दोघांच्या भांडणाचा आवाज बारा महिने येत होता. पारावर सगळे पावसाच्या नावानं रडत असताना गुरुजी खाली मान घालून गप्प बसत. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "पाऊस पडावा असं मला बी वाटतंय, सेक्रेटरी. लई वाटतंय. पण आमचं घर सोडून."

पुढं पाऊसमान सुधारलं, काकूंची ट्रंक पुन्हा सुरू झाली. काही वर्षांनी आमच्या सोसायटीला गोदाम मंजूर झालं. जागा सडकेच्या कडेची, काळ्या मातीची. काळ्या मातीवर भिंत उभी राहत नाही, भराव पाहिजे. भाऊसाहेबांनी बोट दाखवलं ते पूर्वेच्या टेकाडाकडं. जवळ, फुकट आणि पांढरंशुभ्र.

सभेत गुरुजी नकाशा घेऊन उभे राहिले. "हितं मणीवाल्यांची गल्ली हाय. पलीकडं आड हाय. तुम्ही भर गावातनं ट्रॅक्टर घालायलाव!" पुढच्या रांगेला मणीवाल्यांची गल्ली दिसत होती. गुरुजींच्या पाठीमागं बसलेल्या पंचमंडळींना उलट्या बाजूचे भाऊसाहेब दिसत होते, एकाला एक चिकटलेले सात-आठ, सगळे हात जोडून. सभा हसण्यात संपली आणि ठराव पास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकाडावर काम सुरू झालं तेव्हा गुरुजी शाळेची जुनी खुर्ची टाकून तिथं आधीच बसलेले होते. ट्रॅक्टरपुढं आडवे झाले नाहीत की काही नाही. टोपली भरली की फक्त मोठ्यानं सांगायचे, "ही सोप्यातली माती. ही परसातली. आता जरा बेतानं, हितं न्हाणी हाय."

टोळीत बायका होत्या. त्यांची म्होरकी बुद्धवाड्यातली सोजरबाई, उंचीपुरी आणि तोंडाला फटकळ. आधी ती हसत होती. मग तिची कुदळ कशावर तरी लागून थांबली. हातानं माती बाजूला केली तर मातीचीच चूल. दोन्ही बाजू भाजून लाल झालेल्या, मधे राख, आणि राखेत काळ्याकुट्ट मडक्याचं बूड. सोजरबाईनं कुदळ बाजूला ठेवली.

"काय झालं?" भाऊसाहेब खालून ओरडले.

"चूल हाय, मालक."

"दोन हजार वर्षांपूर्वी इझली ती!"

"इझंना का. चुलीत कुदळ घालायची न्हाय," सोजरबाई म्हणाली. "कुण्या तरी बाईनं सारवली असंल. म्या न्हाय मोडायची. दुसरीकडं कुठंबी सांगा, खणते."

एकेक करून सगळ्या बायकांनी टोपल्या पालथ्या घातल्या आणि त्यांवर बसल्या. भाऊसाहेब माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांत बायकांनी काम टाकलेलं कुठल्या चेअरमनला सोसेल? ते टेकाड चढून गुरुजींच्या खुर्चीपुढं आले.

"इथं नको म्हणता, तिथं नको म्हणता. मग तुम्हीच दावा गुरुजी, तुमचं शहर कुठं न्हाय? उद्या तिथं खणू. पण एक जरी खापर निघालं, तर हे टेकाड माझं, आन तुम्ही पुन्हा तोंड उघडायचं न्हाय. कबूल?"

मला वाटलं, गुरुजी ताडकन काहीतरी ऐकवतील. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मग मान ताठ करून म्हणाले, "कबूल."

मी त्यांच्याबरोबर घरी आलो. आत काकू ट्रंक भरत होत्या, मृग जवळ आला होता. गुरुजींनी ओट्यावर नकाशा पसरला आणि कडेकडेनं बोट फिरवत बसले.

"आता काय गुरुजी? तुम्ही तर दर वर्षी शहर वाढवतच नेलंय."

"म्या कुठं वाढवलं?" ते चिडून म्हणाले. "मला शहर मोठं करायची हौस न्हाय, सेक्रेटरी. मला त्याचा शेवट पाहिजे होता. जिथं कुणीच राहत नव्हतं अशी टोपलीभर माती पाहिजे होती." त्यांनी नकाशाच्या कडेला जोडलेल्या एकेका पोस्टरवर बोट ठेवलं. "हितं खणलं, खापर निघालं. हितं खणलं, निघालं. जिथं निघालं तिथवर शहर, मग कागद जोडला. हे सगळं शहर म्हणजे हिच्या माळवदाला न मिळालेली माती हाय."

इतकी वर्षं मी त्या नकाशाला काकूंची सवत समजत होतो.

"आता एकच जागा राहिली," ते म्हणाले. "आपल्या गावच्या ओढ्याच्या पलीकडचा काठ. तिथं माती चोपणाची हाय, पांढरीवानी पाणी आत घेत न्हाय. तिथं अजून खणलं न्हाय."

"का?"

गुरुजी नकाशाची सुटलेली कड अंगठ्यानं दाबत राहिले. काकू उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. हातात अर्धी घडी केलेलं लुगडं होतं. त्यांनीच विचारलं, "का खणलं न्हाय हो तिथं इतकी वर्सं?"

"तिथं बी निघालं असतं तर?" गुरुजी खाली बघत म्हणाले. "मग पुढं कुठं बघायचं? तेवढी एक जागा राखून ठेवली होती."

काकू आत गेल्या. ट्रंकेचं झाकण लावल्याचा आवाज आला नाही.

सकाळी ओढ्यापलीकडं अर्धं गाव लोटलं होतं. सोजरबाईनं पहिली कुदळ मारली. काकूही आल्या होत्या, स्वतःची टोपली घेऊन. त्यांनी पदर खोचला आणि कुणाशी न बोलता माती ओढायला लागल्या. टोपली भरली की त्या ती पालथी करत, बोटांनी ढेकळं फोडत, बघत आणि मान हलवत. काही नाही. गुरुजी पाठमोरे उभे होते. आभाळाला न घाबरणारा माणूस त्या खड्ड्याकडं बघायला तयार नव्हता.

गुडघाभर खणल्यावर काहीतरी खणकन वाजलं. सगळे पुढं सरकले. भाऊसाहेबांनी वाकून तो तुकडा उचलला आणि विजयानं वर धरला. पांढरा, गुळगुळीत, वाकडा.

सोजरबाईनं तो त्यांच्या हातातून घेतला, पदरावर पुसला, फिरवून बघितला. "ह्यो तर कपाचा कान हाय. स्टँडवरल्या हॉटेलातला."

हशा पिकला तो ओढ्याच्या दोन्ही काठांवर. भाऊसाहेबही हसले, दुसरं करणार काय? मग पुरुषभर खणलं. एक खापर नाही, एक मणी नाही, राखेची रेघसुद्धा नाही. नुसती चोपणाची पांढुरकी माती, कुणी कधी न राहिलेली. गोदामाला पुरून उरेल इतकी.

"गुरुजी, तुमचं शहर हरलं की हितं," भाऊसाहेब म्हणाले.

"हरलं न्हाय," गुरुजी म्हणाले आणि पहिल्यांदा खड्ड्याकडं वळले. "हितं संपलं." त्यांनी खिशातून तांबडी पेन्सिल काढली, नकाशा सोजरबाईच्या पाठीवर ठेवला आणि ओढ्याच्या काठानं रेघ मारली. सोजरबाईला हसू आवरत नव्हतं, त्यामुळं ती रेघ जराशी वाकडी आहे. नंतर त्यांनी ती पुसून नीट केली नाही.

पहिली टोपली काकूंनी उचलली. गोदामाकडं नाही, घराकडं. मागं गुरुजी, मागं सोजरबाईची सगळी टोळी. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत धुमसाचे ठोके ऐकू येत होते. गुरुजी माळवदावर उभे राहून ठोकत होते आणि खालून काकू ओरडत होत्या, "हळू! खाली माणसं राहत्यात!"

मृगात मोठा पाऊस झाला. मी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन धावत पलीकडं गेलो. अंगणातून वर बघतो तर गुरुजी माळवदावर उभे. छत्री नाही, टोपी नाही, पांढरे केस कपाळाला चिकटलेले. दोन्ही हात कमरेवर ठेवून ते आभाळाला सांगत होते, "पड! आता किती पडायचं तेवढं पड! कुणाच्या बापाला भीत न्हाय म्या!"

"खाली यायला सांगा त्यास्नी, सेक्रेटरी," आतून काकूंचा आवाज आला. "तापानं आजारी पडतेत, आन मग मलाच बघावं लागंल."

मी आत गेलो. घमेली, पातेली फडताळात परत गेली होती. जमीन कोरडी होती. ऐन मधोमध, जिथं परात असायची, तिथं काकूंची ट्रंक होती. झाकण उघडं होतं आणि आत काही नव्हतं. लुगडी सगळी दांडीवर होती.